बी फेजचं ब्लेड उघडलं का? सोलापुरातल्या एका व्हीआर लॅबचा प्रकरण अभ्यास

विद्युत शाखेच्या तिसऱ्या वर्षाला ‘स्विचगिअर आणि प्रोटेक्शन’ शिकवताना मी दरवर्षी एक साधा प्रश्न विचारते. लाइनवर काम करायचं आहे, तर आधी काय उघडायचं, म्हणजे तोडायचं, करंट तोडणारा ब्रेकर की लाइन डोळ्यांना दिसेल अशी वेगळी करणारं ब्लेडचं आयसोलेटर? उत्तर सगळ्यांना येतं. आधी ब्रेकर, मग आयसोलेटर, मग लाइन जमिनीशी जोडणारा अर्थ स्विच लावायचा. चालू करताना बरोबर उलट. कारणही सांगता येतं. ब्रेकरमध्ये आर्क, म्हणजे करंट तोडताना पेटणारी विजेची ज्योत, विझवायची सोय असते, व्हॅक्यूम असेल नाहीतर एसएफ६ वायू. आयसोलेटर उघड्या हवेत, सावकाश उघडतं. त्यातून लोडचा करंट वाहत असताना ते ओढलं तर आर्क तुटत नाही, लांबत जातो, आणि हँडल धरलेला माणूस त्याच्या थेट खाली उभा असतो.

पेपरात याला पाच मार्क मिळतात. पुढे वर्षा-दीड वर्षात यातलीच काही मुलं एखाद्या ३३/११ केव्ही (हजार व्होल्ट) सबस्टेशनमध्ये ट्रेनी म्हणून रुजू होतात आणि तोच क्रम तिथे हाताने करायचा असतो. कधी पहाटे, कधी पावसात, फोनवर कोणीतरी घाई करत असताना. तोवर त्यांच्या हाताला आणि नजरेला त्याची काय सवय लागलेली असते? आमच्या महाविद्यालयात तरी काहीच नाही. हे प्रकरण तिथून सुरू होतं.

भेट होते, हात लागत नाही

विजेच्या नकाशावर सोलापूर लहान नाही. शहराजवळ एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, ६६० मेगावॅटचे दोन संच. रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन ३१ डिसेंबर २०१३ रोजी चालू झाली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी एकाच वारंवारितेवर जोडली गेली. ५० हर्ट्झचा धडा घेताना मी हे आवर्जून सांगते. आपल्या गावाचं नाव आलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादरी-टॉवेलचे यंत्रमाग याच जाळ्यावर चालतात, आणि वर्गातल्या कित्येकांच्या घरी कोणी ना कोणी मागावर काम करतं. वीज गेली की मजुरी कशी बुडते, हे या मुलांना माझ्याहून जास्त कळतं.

अभ्यासक्रमात सबस्टेशनची भेट आहे. ती होतेही. अख्खा वर्ग खडीवरून रांगेने चालतो, ऑपरेटर पुढे चालत माहिती देतात, ट्रान्सफॉर्मरच्या घरघरीत ती पुढच्या आठ-दहा जणांना ऐकू येते. ब्रीदरमधला सिलिका जेल निळा आहे की गुलाबी पडलाय, एवढं मात्र सगळे बघून येतात, कारण ते तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. यार्डात खडी का पसरलेली असते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं. फॉल्टचा करंट जमिनीत उतरला की दोन पावलांमध्येही व्होल्टेज उभं राहू शकतं. खडीचा रोध मोठा असल्याने अंगातून जाणारा करंट कमी होतो. म्हणजे विद्यार्थी ज्यावर उभे असतात तीसुद्धा सुरक्षेची व्यवस्थाच असते. पण चालू यार्डात विद्यार्थ्याने कशालाही हात लावू नये, आणि कोणी लावू देतही नाही. ते योग्यच आहे. अडचण अशी की त्यामुळे हा विषय बघण्यावर सुरू होतो आणि बघण्यावरच संपतो.

आधी जे आलं ते

संस्थेने व्हीआरचे (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी), म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जागेत वावरायचे, हेडसेट घेतले ते या कामासाठी नव्हते. व्हीआर लॅब हवी असं ठरलं, पाच हेडसेट आले, ज्यांना कॉम्प्युटरची वायर लागत नाही असे, आणि सोबत एका पुरवठादाराचं तयार मॉड्यूल आलं: डीसी शंट मोटरचं वेगनियंत्रण. पहिल्या आठवड्यात मुलं रांगा लावून आली. नंतर एका विद्यार्थिनीने हेडसेट काढत विचारलं, “मॅडम, पण मोटर तर हितंच शेजारी आहे की.”

तिचं बरोबर होतं. भिंतीपलीकडच्या मशीन लॅबमध्ये तीच मोटर बसवलेली आहे. तिथे फील्ड रिओस्टॅट फिरवताना तो तापल्याचा वास येतो, टॅकोमीटर शाफ्टवर दाबून धरताना मनगट थरथरतं, जोडणी चुकली की एमसीबी पडते आणि चूक आपली आपल्यालाच शोधावी लागते. मॉड्यूलमध्ये वायर जागेजवळ नेली की आपोआप चिकटायची. जे शिकण्यासारखं होतं तेच सोपं करून टाकलेलं होतं. नुसती रीडिंग घेऊन ग्राफ काढायचा असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय अभियानातून उभ्या राहिलेल्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ आहेत. आयआयटी दिल्ली त्याचं समन्वयन करते, पुण्याचं सीओईपीही त्यात सहभागी आहे, आणि साध्या ब्राउझरमध्ये, फुकट, ते प्रयोग करता येतात. त्यासाठी डोक्यावर काही चढवायची गरज नाही.

यावर झालेलं संशोधनही त्याच बाजूचं निघालं. मॅक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विज्ञानाच्या प्रयोगशाळेचं एकच सिम्युलेशन विद्यार्थ्यांना साध्या स्क्रीनवर आणि हेडसेटमध्ये दिलं. हेडसेटमध्ये ‘आपण तिथेच आहोत’ ही भावना वाढली, शिकणं मात्र कमी झालं, आणि मेंदूवरचा ताण वाढल्याचं ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीत, दिसलं. याच्या उलट, येल विद्यापीठात १६ शिकाऊ शल्यचिकित्सकांवर केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला होता. सिम्युलेटरवर सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचं काम २९ टक्के लवकर केलं, आणि त्यांच्या चुकाही बऱ्याच कमी झाल्या. त्यात मला जास्त महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. त्यांना ठरावीक तास सराव दिला नव्हता. ठरवलेली पातळी गाठेपर्यंत दिला होता.

दोन्ही एकत्र वाचल्यावर विभागात आमचं मत पक्कं झालं. माहिती द्यायची असेल तर हेडसेट नको, फळा आणि स्क्रीन पुरे. जिथे हाताचा क्रम, नजर आणि निर्णय घडवायचा आहे आणि खऱ्या ठिकाणी चूक करून शिकायला वाव नाही, तिथेच तो आणावा. मोटरचं मॉड्यूल बाजूला ठेवलं आणि सबस्टेशनचं काम हाती घेतलं.

यार्ड उभं करताना

बनवलं कोणी? संगणक विभागाच्या शेवटच्या वर्षाच्या एका गटाने, प्रोजेक्ट म्हणून, गेम बनवायच्या युनिटी या सॉफ्टवेअरमध्ये. चित्र हुबेहूब असावं याचा हट्ट आम्ही धरला नाही. वीज आत आणणारा एक ३३ केव्ही इनकमर, ती वाटणारी बस, एक पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि वीज बाहेर नेणारे ११ केव्हीचे तीन फीडर, एवढंच यार्ड. काम एकच: एक फीडर दुरुस्तीसाठी मोकळा करून त्यावर काम करायचं परमिट देण्याच्या स्थितीला आणायचा.

मार्गदर्शनाला एक निवृत्त सबस्टेशन ऑपरेटर आले. मुलं त्यांना काका म्हणतात, इथेही तेच म्हणते. काकांनी पहिल्यांदा हेडसेट घातला, इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, “आवाज कुठाय?” आमच्या लक्षातच आलं नव्हतं. ट्रान्सफॉर्मरचा कोअर पुरवठ्याच्या एका आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर त्याची घरघर १०० हर्ट्झची येते. काकांच्या म्हणण्याप्रमाणे ती घरघर बदलली की पॅनलकडे बघायच्या आधीच कळतं काहीतरी वेगळं झालंय. आवाज टाकला. खडीवर पाय पडल्याचा आवाजही टाकला. त्यानंतर मुलं यार्डात हळू चालायला लागली. हे मला अपेक्षित नव्हतं.

खोलीचा प्रश्न इतका क्षुल्लक असेल आणि इतका वेळ खाईल असं वाटलं नव्हतं. हेडसेटवरचे कॅमेरे खोली बघून आपली जागा ठरवतात. कोऱ्या, गुळगुळीत पांढऱ्या भिंती त्यांना चालत नाहीत, धरायला काही खूणच सापडत नाही. यार्ड मध्येच सरकायचं. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी ऊन थेट टेबलावर यायचं, आणि हेडसेट उलटा ठेवलेला असताना भिंगातून ऊन आत गेलं तर पडदा जळून कायमचा डाग पडतो. लॅबमधल्या मामांनी घरून दोन सोलापुरी चादरी आणल्या. एक खिडकीवर गेली, एक समोरच्या भिंतीवर. मोरांच्या दाट नक्षीने कॅमेऱ्यांना हवी ती खूण मिळाली आणि दोन्ही प्रश्न मिटले.

एप्रिलात पारा चाळिशीच्या वर गेला की कपाळाचा घाम फोममध्ये मुरतो आणि भिंगांवर वाफ धरते. पुसता येईल असं सिलिकॉनचं आवरण, दर विद्यार्थ्यामागे पुसणं, आणि प्रॅक्टिकल सकाळच्या सत्रात, एवढं केलं. चक्कर-मळमळीचा त्रास सुरुवातीला काहींना झाला, कारण यार्डात फिरण्यासाठी बोटाने दांडी ढकलायची होती. डोळे सांगतात आपण चाललोय, कानातला तोल सांगतो उभे आहोत. आता मुलं खोलीत खरीखुरी चार पावलं टाकतात आणि लांब जायचं असेल तर तिथे एकदम उडी घेतात. एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त कोणालाही आत ठेवत नाही.

वर्कशॉपमागचं आयसोलेटर

पहिली आवृत्ती तयार झाली तेव्हा सगळं छान दिसत होतं. प्रत्येक पायरीला पुढची वस्तू हिरवी चमकायची. ब्रेकर चमकला, उघडला. आयसोलेटरचं हँडल चमकलं, ओढलं. अर्थ स्विच चमकला, लावला. शेवटी ‘कार्य पूर्ण’ अशी पाटी. सगळी बॅच पास. मुलं खूश, प्रोजेक्टवाले खूश.

काका खूश नव्हते. त्यांनी विभागाकडे एकच मागणी केली, एक मेलेलं आयसोलेटर मिळेल का? भंगारात निघालेलं ११ केव्हीचं, हाताने चालवायचं एक आयसोलेटर मिळालं. ते वर्कशॉपमागे अँगलच्या सांगाड्यावर, डोक्याच्या बरंच वर बसवलं. आर, वाय, बी या तिन्ही फेजची (लाइनच्या तीन तारांची) ब्लेड एका आडव्या पाइपने जोडलेली, पाइप खालच्या हँडलला. कुठलीही वायर जवळपासही नाही. खाली खडी टाकली.

मग व्हीआरमध्ये पास झालेल्या मुलांना एकेक करून तिथे बोलावलं. “ब्रेकर उघडलाय असं समज. आता आयसोलेटर उघड आणि मला सांग.”

पहिला मुलगा पुढे आला. हातमोजे घातले, हँडलचं कुलूप काढलं, ओढलं. जड गेलं, दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी ओढलं. खट्ट आवाज झाला. “ओपन, काका.” काकांनी विचारलं, “नक्की?” “हो.” “मग अर्थ लाव.” मुलगा अर्थच्या रॉडकडे वळला. काकांनी त्याचा खांदा धरून हनुवटीखाली बोट लावलं आणि मान वर केली. आर फेजचं ब्लेड उघडं. वाय फेजचं उघडं. बी फेजचं ब्लेड जबड्यातच बसलेलं.

काकांनी सकाळीच बी फेजचा क्लॅम्प सैल करून ठेवला होता. पाइप फिरतो, हँडल पूर्ण खाली येतं, आवाजही होतो, पण त्या एका पोलला फिरवणारी पकड घसरते. ही बनावट परिस्थिती नाही; जुन्या यार्डात क्लॅम्प गंजतात, बोल्ट सैल होतात, आणि एक ब्लेड मागे राहतं. अशा वेळी हँडलची जागा ‘उघडं’ सांगते आणि एक फेज जिवंत असते. म्हणूनच तिन्ही फेजमधलं हवेतलं अंतर डोळ्यांनी बघायचा नियम आहे.

त्या बॅचमधल्या एकाही मुलाने वर बघितलं नाही. एकानेही नाही. हीच मुलं लेखी परीक्षेत ‘दृश्य अंतर तपासावे’ हे वाक्य न चुकता लिहितात.

मुलांना दोष देण्यात अर्थ नव्हता. आमच्या यार्डात तिन्ही ब्लेड नेहमी एकत्र, एकसारखी उघडायची, कारण प्रोजेक्टवाल्यांनी ती एकाच ॲनिमेशनमध्ये बांधली होती. वर बघून काही वेगळं दिसायची शक्यताच नव्हती, म्हणून वर बघायची सवय लागायचंही कारण नव्हतं. शिवाय पुढे काय करायचं हे हिरवा रंग सांगत होता. मुलं स्विचिंग शिकली नव्हती, हिरव्या रंगामागे जायला शिकली होती. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा शोध हाच आहे, आणि तो हेडसेटमध्ये बसून कधीच लागला नसता.

यार्ड बिघडवलं

त्यानंतर प्रोजेक्टवाल्यांनी यार्ड दुरुस्त केलं नाही, बिघडवलं. हिरवी चमक काढून टाकली. ‘कार्य पूर्ण’ पाटी काढली. काम झालंय हे विद्यार्थ्याने स्वतः जाहीर करायचं. आणि प्रत्येक फेरीला यार्ड स्वतःहून काहीतरी बदलतं, कधी काहीच बदलत नाही. काय बदलायचं याची यादी काकांनी त्यांच्या नोकरीतल्या आठवणींवरून दिली.

एखाद्या फेजचं ब्लेड अर्धंच उघडतं, कुठली फेज ते दर वेळी वेगळं. ब्रेकरवरची खूण ‘ऑफ’ दाखवते, पण पॅनलवरचा करंट मोजणारा ॲमीटर एका फेजवर अजून करंट दाखवतो, म्हणजे आतला एक पोल उघडलाच नाही. ज्याने ॲमीटर न बघता आयसोलेटरकडे धाव घेतली तो अडकला. शेजारच्या फीडरचं हँडल हुबेहूब सारखं आणि नावाची पाटी गंजून अर्धी पुसलेली. परमिट एका फीडरचं आणि काम दुसऱ्यावर, असे अपघात खरोखर होतात, त्यामुळे हे सगळ्यात जास्त वेळा येतं.

आणि परतीचा पुरवठा. ब्रेकर उघडा, आयसोलेटर तिन्ही फेजला नीट उघडं, सगळं बरोबर, आणि तरी व्होल्टेज डिटेक्टर लाइनजवळ नेला की बीप. पलीकडे कुणाच्या तरी शेतावर किंवा दवाखान्यात जनरेटर चालू आहे आणि जनरेटर आणि लाइन एकमेकांपासून वेगळे ठेवणारा चेंजओव्हर स्विच नीट बसवलेला नाही. तिकडची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून ११ केव्ही लाइन जिवंत करते. मोहोळ, बार्शी, मंगळवेढ्याकडच्या मुलांना हे लगेच पटतं, त्यांच्या घरी जनरेटर आहेत. डिटेक्टरसुद्धा आधी चालू लाइनवर बीप देतो का हे बघून मगच मोकळ्या लाइनवर वापरायचा. काही फेऱ्यांत आम्ही त्याची बॅटरीच मेलेली ठेवतो. अर्थिंगचा रॉड लावताना आधी अर्थचं टोक, मग लाइनचं, काढताना उलट. हा क्रम पुस्तकात एका ओळीत येतो; इथे उलटं केलं तर फेरी तिथेच संपते.

पास व्हायचं म्हणजे काय, हे येलच्या अभ्यासावरून घेतलं. वेळ मोजत नाही. सलग दोन फेऱ्या, दोन्हीत वेगवेगळा बिघाड, आणि एकही पायरी न गाळता. कुणाला दोन प्रॅक्टिकलमध्ये जमतं, कुणाला सगळं सत्र लागतं. वेळापत्रकाच्या दृष्टीने हे त्रासाचं आहे, तरी मी यावर तडजोड करणार नाही.

चूक झाली की काय दाखवायचं

यावर विभागात बरेच दिवस वाद चालला. पहिल्या आवृत्तीत चूक झाली की मोठा स्फोट, ठिणग्या, किंकाळी. वाटलं होतं, भीती बसेल. झालं भलतंच. दुसऱ्या दिवसापासून मुलं मुद्दाम लोडवर आयसोलेटर ओढायला लागली आणि आतलं दृश्य दाखवणाऱ्या टीव्हीसमोर बसलेले बाकीचे ओरडायचे, “काय बे, परत फोड की!” खेळ झाला होता.

आता चूक झाली की आर्कचा एक क्षणभर लखलखाट, आणि मग पडदा काळा. आवाज नाही, रक्त नाही, गुण नाहीत. काळ्या पडद्यावर सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे सबस्टेशनच्या जोडणीचा साधा रेखानकाशा, उमटतो, जिवंत भाग लाल, आणि विद्यार्थ्याचा हात कुठे होता तिथे एक ठिपका. तो बघून झाला की हेडसेट काढायचा आणि सगळ्या बॅचसमोर आपल्या तोंडाने सांगायचं की ठिपका तिथे कसा पोचला. या बोलण्यासाठी फेरीइतकाच वेळ राखून ठेवलाय. शिकण्याचा बराचसा भाग या बोलण्यात होतो असं माझं निरीक्षण आहे. ज्या दिवशी वेळ कमी म्हणून हे गाळलं, त्या दिवशीच्या चुका पुढच्या प्रॅक्टिकलला जशाच्या तशा परत आल्या.

बाकीच्यांनी काय करायचं

हेडसेट पाच, बॅच त्याच्या चौपट. नुसतं बसून राहणारी मुलं मोबाइलमध्ये शिरतात. त्यामुळे प्रत्येक हेडसेटमागे चारजणांचा गट केला. एक आत, यार्डात. दुसरा कंट्रोल रूममध्ये, म्हणजे शेजारच्या खोलीत, फोनवर. तिसरा परमिटचा फॉर्म आणि लॉगशीट भरतो. चौथा स्क्रीनवर बघत चूक टिपतो, पण मध्ये बोलायचं नाही.

फोनवरचं बोलणं असं चालतं:

“कंट्रोल, फीडर दोनचा ब्रेकर ओपन करतो.”

“फीडर दोन, ब्रेकर ओपन. कर.”

“ओपन झाला. ॲमीटर आर शून्य, वाय शून्य, बी शून्य.”

“आर, वाय, बी शून्य. आयसोलेटरला जा.”

सांगितलेलं परत उच्चारल्याशिवाय पुढे जायचं नाही. सुरुवातीला मुलांना हे नाटकी वाटतं, लाज वाटते. एकदा कुणीतरी ‘दोन’ऐवजी ‘तीन’ ऐकतं आणि पडदा काळा होतो, मग लाज जाते. तयार मॉड्यूलमध्ये सगळ्या सूचना इंग्रजीत होत्या. इथे बोलणं मराठीत आहे, कारण खऱ्या यार्डात ते मराठीतच होतं. अक्कलकोटकडची घरी कन्नड बोलणारी आणि पूर्व भागातली तेलुगू बोलणारी मुलं वर्गात आहेत, त्यांनीही हेच पसंत केलं.

हेडसेटमध्ये जे येत नाही

हँडलचं वजन येत नाही. हातातल्या कंट्रोलरला काही भार नसतो. बोट दाबलं की शंभर किलोचं काहीतरी सहज फिरतं. खरं आयसोलेटर अर्ध्यात सोडलं तर अर्ध्यातच राहतं, ते एका दमात, ठामपणे ओढावं लागतं, आणि हे फक्त खांद्यालाच शिकवता येतं. म्हणून वर्कशॉपमागचं आयसोलेटर आता प्रयोगाचा कायमचा भाग आहे. आधी व्हीआरच्या साध्या फेऱ्या, मग खरं हँडल, मग पुन्हा व्हीआरमध्ये बिघाडाच्या फेऱ्या. हातात वजन घेऊन आलेली मुलं दुसऱ्या वेळी यार्डात वेगळी वागतात. कंट्रोलरला वजन नसतानाही पाय फाकवून उभी राहतात.

सुधारित यार्डात सराव केलेल्या बॅचला काकांनी पुन्हा त्याच आयसोलेटरवर बोलावलं. या वेळी सैल क्लॅम्प आर फेजचा. पहिल्या मुलीने हँडल ओढलं, एक पाऊल मागे झाली, मान वर केली आणि बोट दाखवत एकेक फेज मोठ्याने म्हटली. “आर... बंदच आहे. काका, हे उघडलं नाही.” तिच्या मागच्यांनीही बघितलं. दोघांची नजर चुकली; त्यांनी वर बघितलं खरं, पण उन्हात डोळे मिटून एकदम ‘तिन्ही ओपन’ म्हणून टाकलं. तेव्हापासून टोपी आणि एकेका फेजचं नाव घेणं सक्तीचं केलंय.

एक गोष्ट आम्ही लेखी मांडून ठेवली आहे आणि प्रत्येक बॅचला वाचून दाखवतो. व्हीआरमध्ये पास होणं म्हणजे स्विचिंगचा अधिकार मिळणं नाही. तो अधिकार वीज कंपनी देते, नियमानुसार नेमलेल्या व्यक्तीला, त्यांच्या प्रशिक्षणानंतर. आमच्या लॅबचं काम त्या प्रशिक्षणापर्यंत कोरं पोर पोचू नये एवढंच आहे. म्हणूनच व्हीआरला प्रॅक्टिकल परीक्षेत गुण ठेवायला मी विरोध केला. गुण आले की बिघाडांची यादी आदल्या बॅचकडून पुढच्या बॅचकडे जाईल, आणि हिरवी चमक कागदावरून परत येईल. टर्म वर्कमध्ये नोंद राहते. लॉगशीट आणि आपली चूक कशी झाली याचं स्पष्टीकरण मुलांनी स्वतःच्या हाताने लिहायचं.

देखभालीकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं आणि ती सोपी नाही. प्रोजेक्ट बनवणारी मुलं पास होऊन पुण्याला गेली; हेडसेटचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की यार्डातलं काही ना काही मोडतं. आता संगणक विभागाशी ठरलंय की दरवर्षी नवा गट याच प्रोजेक्टवर काम करेल, नवं बनवण्याआधी जुनं समजून घेईल, आणि कोडमध्ये नीट टिप्पण्या लिहील. दोन अतिरिक्त फोम, चार्जिंगचं वेळापत्रक आणि कुलपाचं कपाट मामांकडे आहे. ते नसते तर लॅब पहिल्याच सत्रात बंद पडली असती.

यांत्रिक विभागाची मागणी

हे बघून यांत्रिक विभागाने लेथचं मॉड्यूल मागितलं. लेथ वर्कशॉपमध्ये आहे, चांगल्या स्थितीत आहे, शिकवणारे मिस्त्री आहेत. त्याला आम्ही नाही म्हटलं. त्यांची दुसरी मागणी बॉयलरची होती: ड्रममधली पाण्याची पातळी खाली गेलेली आहे, गेज ग्लासमध्ये पाणी दिसत नाही, अशा वेळी फीड पंप चालू करायचा की आधी आग बंद करायची. तापलेल्या कोरड्या नळ्यांवर पाणी सोडलं तर काय होतं, हे खऱ्या बॉयलरवर कुणालाही दाखवता येणार नाही. त्याला होकार दिलाय. पण कोड लिहायच्या आधी गटाने एखाद्या साखर कारखान्याच्या जुन्या बॉयलर अटेंडंटसोबत बसायचं, आणि तिथे काय काय खोटं दिसतं, अडकतं, बंद पडतं याची यादी आणायची, ही अट घातली आहे. गाळप हंगाम संपला की ते बसणार आहेत.